रेनेसान्स नाटक कॉलेजात: व्याख्यान आणि प्रयोग एकाच दिवसात कसे बसवावेत

अभ्यासक्रमात रेनेसान्स, म्हणजे शेक्सपिअरच्या काळातलं नाटक, ‘मॅकबेथ’ किंवा मार्लोचं ‘डॉक्टर फॉस्टस’ असतं, म्हणून इंग्रजी विभाग एक दिवसाचा कार्यक्रम आखतो. सकाळी पाहुण्यांचं व्याख्यान, दुपारी विद्यार्थ्यांचा प्रयोग. कागदावर सगळं ठीक दिसतं. प्रत्यक्षात दीपप्रज्वलन, सत्कार आणि प्रास्ताविकात पाऊण तास जातो, व्याख्यान एलिझाबेथ राणीच्या जन्मापासून सुरू होतं, जेवणानंतर निम्मी मुलं एसटी गाठायला निघून जातात आणि उरलेल्यांसमोर अंधार केलेल्या हॉलमध्ये नाटक होतं. वक्ते तोवर परतीच्या गाडीत बसलेले असतात. प्रयोगात जे दिसलं त्यावर बोलायला कुणीच उरत नाही.

मेहनत सगळेच घेतात, चुकतो तो क्रम. खाली जो क्रम दिला आहे त्याचं सूत्र सोपं आहे: एक प्रवेश, एक प्रश्न, आणि प्रयोग व्याख्यानाच्या आधी. उदाहरणासाठी ‘मॅकबेथ’मधला मेजवानीचा प्रवेश घेतला आहे, म्हणजे अंक ३, प्रवेश ४. दुसरं नाटक घ्यायचं असलं तरी पायऱ्या याच राहतील.

१. आधी प्रश्न ठरवा, मग प्रवेश

‘शेक्सपिअर: जीवन आणि साहित्य’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. रंगमंचावर दोन प्रकारे करून दाखवता येईल आणि ज्याचं उत्तर प्रेक्षकाला बघूनच द्यावं लागेल, असा प्रश्न हवा.

मेजवानीच्या प्रवेशात तो आयताच मिळतो. राजा झालेल्या मॅकबेथने आपला सोबती सरदार बँको याचा खून करवला आहे. त्याचं भूत मेजवानीत येतं आणि ते फक्त मॅकबेथला दिसतं. मग प्रेक्षकांना ते दिसावं की नाही? रक्ताळलेला नट आणून बसवायचा, की रिकामं स्टूल ठेवायचं? हा प्रवेश लागोपाठ दोनदा करायचा, एकदा भुतासह आणि एकदा भुताविना. दिवसभराचा कार्यक्रम या एवढ्याशा फरकावर उभा राहतो.

इतर नाटकांत असे प्रश्न सापडतात, पण जागा बघून निवडा. ‘फॉस्टस’चा शेवटचा तास छान चालतो. अकराचे ठोके पडल्यापासून बारा वाजेपर्यंतचा तास मार्लो साठेक ओळींत संपवतो, त्यामुळे रंगमंचावरच्या काळाबद्दल बोलता येतं. ‘डचेस ऑफ माल्फी’चा चौथा अंक मात्र पहिल्याच वर्षी घेऊ नका. अंधारात मेलेल्या माणसाचा हात हाती देण्याचा तो प्रसंग आहे. १६२३च्या छापील प्रतीवर हे नाटक लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स आणि ग्लोब या दोन्ही नाट्यगृहांत झाल्याचं नोंदवलेलं आहे. ब्लॅकफ्रायर्स हे मेणबत्त्यांच्या उजेडातलं बंदिस्त नाट्यगृह होतं. कॉलेजच्या खिडक्यांना पडदे नसतील तर तो प्रसंग हास्यास्पद होतो.

तपासा: तुमचा प्रश्न एका वाक्यात, ‘रेनेसान्स’ हा शब्द न वापरता, प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला सांगता येतो का? येत नसेल तर अजून प्रश्न ठरलेला नाही.

२. संहिता: कोणती प्रत, किती ओळी

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. नटांच्या हाती एक आवृत्ती, वक्त्यांकडे दुसरी आणि मुलांकडे बाजारातलं गाइड. ‘फॉस्टस’मध्ये तर हा गोंधळ अटळ आहे, कारण त्याच्या दोन वेगळ्या संहिता आहेत. १६०४ची लहान आहे. १६१६च्या संहितेत सहाशेहून जास्त ओळी वाढलेल्या आहेत आणि फॉस्टसचे तुकडे मित्रांना सापडतात तो शेवटही तिच्यातच आहे. ‘हॅम्लेट’च्या तर तीन. ‘मॅकबेथ’ पहिल्यांदा छापलं गेलं ते १६२३च्या फर्स्ट फोलिओतच, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित छापील ग्रंथात. त्याआधीची सुटी छापील प्रत नसल्यामुळे पहिल्या कार्यक्रमासाठी ते सोयीचं पडतं.

तरीही एक गोष्ट मुळातून बघून घ्यावी लागते, ती म्हणजे रंगसूचना. फोलिओत भुताची एन्ट्री मॅकबेथला ते दिसण्याच्या बऱ्याच आधी आहे. त्याची बायको लेडी मॅकबेथ त्याला यजमानपणाची आठवण करून देते, तेवढ्यात भूत येऊन मॅकबेथच्या जागेवर बसतं. मॅकबेथचं लक्षच नसतं. तो पाहुण्यांशी बोलतो, बँको आज इथे असता तर बरं झालं असतं असंही म्हणतो आणि जवळपास दहा ओळींनंतर बसायला वळतो तेव्हा म्हणतो, ‘द टेबल्स फुल.’ काही संपादकांनी ही एन्ट्री पुढे सरकवली आहे. तसं केलं की प्रेक्षकाला मॅकबेथच्या आधी भूत दिसण्याची गंमत जाते. दुसरं, भूत बाहेर कधी जातं हे फोलिओत लिहिलेलं नाही. आधुनिक प्रतीत ते कंसात दिसतं, म्हणजे संपादकाने घातलेलं असतं. तुमच्या नटाने नेमकं कधी जायचं ते मॅकबेथच्या वाक्यांवरून तालमीत ठरवायचं.

फोल्जर लायब्ररीची संहिता इंटरनेटवर मोफत मिळते आणि संपादकांनी घातलेला मजकूर तिच्यात कंसात दाखवलेला असतो. तीच उतरवून घ्या, ओळींना आकडे घाला आणि नट, वक्ते, प्रेक्षक या सगळ्यांना एकच छापील प्रत द्या. पाठपोट दोन-तीन पानांत प्रवेश बसतो.

ओळींचा हिशोब असा: सरावलेले नट तासाला हजार ओळींच्या आसपास जातात, विद्यार्थी सहा-सातशे. मेजवानीचा प्रवेश सुमारे १४० ओळींचा आहे. भुताची ये-जा आणि पाहुण्यांची धावपळ धरून बारा ते पंधरा मिनिटं ठेवा.

कापायचंच असेल तर सरदारांची सौजन्याची वाक्यं कापा. दारात मारेकरी येतो तो तुकडा ठेवा, कारण बँको मेला आणि त्याचा मुलगा निसटला हे तिथेच कळतं. पाहुणे गेल्यानंतरचा शेवटचा तुकडा वेळ वाचवायला हमखास उडवला जातो. तो उडवू नका. आतापर्यंत सगळी मेजवानी सावरून धरणारी लेडी मॅकबेथ तिथे फक्त तीनदा आणि तेही थोडकंच बोलते. व्याख्यात्याला हातात धरायला यापेक्षा चांगलं काही मिळणार नाही.

सावधान: सोप्या इंग्रजीत केलेलं रूपांतर नटांना पाठ करायला देऊ नका. अर्थ समजायला वापरा, बोलायला मूळच.

३. तारीख, भाषा, परवानगी

सेमिस्टर सुरू झाल्यावर चौथ्या ते आठव्या आठवड्यातली तारीख धरा. युवा महोत्सव आणि एकांकिका स्पर्धांच्या तोंडावर धरलीत तर तुमचा मॅकबेथ दुसरीकडे तालमीत असेल.

भाषेचा प्रश्न प्रत्येक विभागात निघतो. माझं मत असं की पद्य मूळ इंग्रजीतच व्हावं आणि सुरुवातीला दोन मिनिटांत कथा मराठीत सांगावी. वेळ असेल तर तोच तुकडा मराठीतही ऐकवा. वि. वा. शिरवाडकरांचा ‘राजमुकुट’ ‘मॅकबेथ’वरच बेतलेला आहे. मात्र शिरवाडकर १९९९मध्ये गेले आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे तो मजकूर मोकळा नाही. आगरकरांचं ‘विकारविलसित’ (‘हॅम्लेट’वरून, १८८३) किंवा देवलांचं ‘झुंझारराव’ (‘ऑथेल्लो’वरून, १८९०) बिनदिक्कत वापरता येतं.

कॉलेजच्या उपक्रमात तिथल्याच विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी केलेल्या सादरीकरणाला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये सवलत आहे. पण बाहेरच्या कॉलेजांतले शिक्षक बोलावलेत, तिकीट लावलंत किंवा चित्रीकरण यूट्यूबवर टाकलंत तर ती सवलत गृहीत धरू नका, हक्कदारांकडून लेखी परवानगी घ्या. प्रयोग सर्वांसाठी खुला असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागेल का, हेही तारीख जाहीर करण्याआधी विचारून ठेवा.

४. वक्त्यांशी आधी बोला, नुसतं निमंत्रणपत्र पाठवू नका

पत्रात ‘आपल्या सोयीचा विषय’ असं लिहिलंत की वक्ते नेहमीचं व्याख्यान घेऊन येतात. त्यांचा दोष नाही. त्यांना फोनवर तीन गोष्टी सांगा: प्रवेश कोणता, प्रश्न कोणता, आणि तुमचं बोलणं प्रयोगानंतर आहे, ४० मिनिटांचं. कापलेली संहिता लगेच पाठवा. जमलं तर एका तालमीला बोलवा, निदान तिचं चित्रीकरण पाठवा.

वक्त्यांना कामाला येईल असा एक पुरावा सुचवून ठेवा. सायमन फॉरमन या ज्योतिषी-वैद्याने १६११च्या वसंतात ग्लोबमध्ये ‘मॅकबेथ’ पाहिलं आणि वहीत टिपून ठेवलं. बँकोचं भूत येऊन मॅकबेथच्या मागे त्याच्या खुर्चीत बसलं, असं तो लिहितो. म्हणजे त्या प्रयोगात तरी भूत डोळ्यांना दिसत होतं. पण त्याच टिपणात मॅकबेथ आणि बँको घोड्यावरून रानातून जाताना दाखवल्याचंही आहे. ते रंगमंचावर घडलं असणं कठीणच, बहुधा वाचलेलं किंवा चित्रात पाहिलेलं त्यात मिसळलं. फॉरमनचा उल्लेख करताना हे दोन्ही सांगावं.

सावधान: फॉरमनचा मुद्दा प्रयोगाआधी कुणी बोलू नये, सूत्रसंचालकानेही नाही. उत्तर आधी फुटलं की दुसरा प्रयोग बघायचं कारणच उरत नाही.

५. जागा: दिवे चालू, खुर्च्या तीन बाजूंना

ग्लोबमध्ये नाटक दुपारी, उघड्यावर होई. नटांना प्रेक्षक दिसत, प्रेक्षकांना एकमेकांचे चेहरे दिसत. म्हणून हॉलमधले सगळे दिवे चालू ठेवा आणि स्पॉटलाइट विसरा. प्रकाशयोजनेचा खर्च वाचतो, हा वरचा फायदा.

कमानीच्या उंच स्टेजवर प्रयोग करू नका. हॉलच्या जमिनीवरच साधारण २० बाय १३ फुटांचा चौकोन रंगीत टेपने आखा आणि तीन बाजूंना खुर्च्या मांडा. १६००मध्ये बांधलेल्या फॉर्च्यून नाट्यगृहाच्या करारात स्टेजची रुंदी ४३ फूट दिली आहे आणि खोली मैदानाच्या मध्यापर्यंत, म्हणजे सुमारे साडेसत्तावीस फूट. तुमचा चौकोन त्याच प्रमाणात निम्मा आहे. मागच्या बाजूला दोन दारं हवीत. दारं नसतील तर दोन पडदे-स्टँड पुरतात.

मेजवानीसाठी दोन बाकं तिरकी ठेवा आणि मधोमध, मागच्या अंगाला, एक स्टूल. ‘दोन्ही बाजू सारख्या आहेत, मी मध्ये बसतो,’ असं मॅकबेथ स्वतःच म्हणतो. प्राचार्यांच्या केबिनमधली उंच पाठीची खुर्ची आणण्याचा मोह टाळा. ‘तू नुसत्या स्टुलाकडे बघतो आहेस,’ असं लेडी मॅकबेथ नवऱ्याला सुनावते तेव्हा तिथे सिंहासन असलं तर वाक्य पडतं. शिवाय भुताविना होणाऱ्या प्रयोगात स्टूल जास्त रिकामं दिसतं.

पोशाखावर फार बोलण्यासारखं नाही. काळे कपडे, राजाला एक शाल, सरदारांना कमरपट्टे. मखमली झगे भाड्याने आणू नका.

सावधान: भुताच्या केसांत रक्त हवं, संहितेतच ते आहे. पण ओघळणारा लाल रंग फरशीवर पडला की पुढचा नट घसरतो. रंग आदल्या तासाला लावून पूर्ण वाळू द्या. आणि खऱ्या मेणबत्त्या किंवा मशाली हॉलमध्ये नकोत, बॅटरीच्या चालतात.

६. तालीम: दोन आठवडे, रोज तास-दीड तास

संहिता हातात धरून केलेला प्रयोग कमी दर्जाचा, असा आपल्याकडे समज आहे. लंडनच्या ग्लोबमध्ये १९९५पासून ‘रीड नॉट डेड’ नावाचा उपक्रम चालत आला आहे. शेक्सपिअरच्या समकालीनांची विसरलेली नाटकं त्यात व्यावसायिक नट हातात संहिता घेऊन सादर करतात. सकाळी तालीम, त्याच दुपारी प्रयोग. तेव्हा पाठांतर झालं नाही म्हणून कार्यक्रम रद्द करू नका. फक्त कागद छातीच्या खाली धरायची सवय लावा आणि नजर समोरच्या नटाकडे राहू द्या.

क्रम असा ठेवा.

पहिले दोन-तीन दिवस बसून वाचन. प्रत्येकाने आपलं प्रत्येक वाक्य आधी स्वतःच्या मराठीत सांगायचं, मग इंग्रजीत म्हणायचं. ‘सर, साधारण असं काहीतरी’ हे उत्तर चालवून घेऊ नका.

मग चालत वाचन. चालत चालत बोलायचं आणि प्रत्येक विरामचिन्हाला दिशा बदलायची. ओळीच्या टोकाला दरवेळी थांबायची सवय यातून मोडते आणि मॅकबेथ घाबरला की वाक्यं कशी तुकड्यातुकड्यांत तुटतात ते पायांनाच कळतं. यमक नसलेल्या पद्यात पाच ठोक्यांची लय असते. ती समजावी म्हणून टाळ्या एकदाच वाजवून घ्या. रोज वाजवल्या की सगळा मेजवानीखाना पाढे म्हणायला लागतो.

पाचव्या-सहाव्या दिवशी भूमिकांच्या पट्ट्या वाटा. त्या काळी नटाला पूर्ण नाटक मिळत नसे. स्वतःची वाक्यं आणि प्रत्येकाच्या आधी दुसऱ्याच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द, एवढंच. एडवर्ड अलेन या नटाची अशी एक पट्टी लंडनच्या डलिच कॉलेजमध्ये अजून आहे. तुमच्या मॅकबेथच्या पट्टीवर ‘योर रॉयल कंपनी’ एवढेच शब्द येतील आणि खाली ‘द टेबल्स फुल’. बोलणारा कोण, ते लिहायचं नाही. मग सगळे कान देऊन ऐकायला लागतात. पाहुणे झालेल्या मुलांना राजा आता काय बोलणार ते माहीत नसतं, त्यामुळे त्यांचं गोंधळणं खरं दिसतं. म्हणून सरदारांची पात्रं पहिल्या वाचनाला बोलावूच नका, असं मी सुचवेन.

तपासा: एखाद्याच्या वाक्यात तेच शेवटचे शब्द मध्येही आलेत का? आले असतील तर समोरचा नट आधीच तोंड उघडेल. कधी कधी ते हवंही असतं, पण तुम्हाला आधी माहीत असावं.

उरलेल्या दिवसांत हालचाली पक्क्या करा. प्रवेश सुरू होतो तो पाहुणे मानाच्या क्रमाने बसतात तिथून, आणि मोडतो तो लेडी मॅकबेथ ‘क्रम बघू नका, निघा’ म्हणते तिथे. ही बसण्याची आणि उठण्याची चित्रं एकमेकांच्या उलट दिसली पाहिजेत. बसताना सावकाश, कोण आधी कोण नंतर ते स्पष्ट. निघताना धक्काबुक्की.

दुसऱ्या प्रयोगात फक्त भूत काढा. मॅकबेथ तिथेच दचकतो, त्याच जागी मागे सरतो. भुताबरोबर पोशाख, आवाज, वेग असं आणखी काही बदललंत, तर प्रेक्षकाला जो फरक जाणवेल तो कशामुळे ते कळणार नाही.

७. दिवसाचा क्रम

१०.३० स्वागत. दहा मिनिटं, घड्याळ लावून. सत्कार असेल तर तो चहाच्या वेळी. कथा मराठीत, प्रश्न एका वाक्यात.

१०.४० पहिला प्रयोग, भुतासह.

१०.५५ पाच मिनिटं लेखन. चिठ्ठीवर दोनच प्रश्न: तुम्ही जास्त वेळ कुणाकडे बघत होता? मॅकबेथबद्दल काय वाटलं? चर्चा नको. बोलायला सुरुवात झाली की पुढे बसलेले चौघे सगळ्यांच्या वतीने मत देऊन टाकतात.

११.०० दुसरा प्रयोग, रिकाम्या स्टुलासह. पुन्हा त्याच चिठ्ठीवर तेच प्रश्न.

११.२० चहा. या वेळात वक्त्यांनी चिठ्ठ्या चाळायच्या. भूत दिसतं तेव्हा आपण मॅकबेथच्या डोळ्यांनी बघतो आणि स्टूल रिकामं असतं तेव्हा पाहुण्यांपैकी एक होऊन त्याच्याकडे बघतो, असं काहीतरी त्यांत बहुतेक निघतं. नाहीच निघालं तर जे निघालं असेल तिथून सुरुवात.

११.४० व्याख्यान, ४० मिनिटं. नट समोरच बसलेले असावेत. वक्त्यांनी ‘ती सहावी ओळ पुन्हा करा बरं, पण तिच्याकडे न बघता’ असं म्हणावं आणि ते लगेच व्हावं. पीपीटी लागतच असेल तर दोन-तीन स्लाइड पुरेत: फोलिओचं ते पान, १५९६च्या सुमाराच्या स्वान नाट्यगृहाच्या चित्राची प्रत, बस.

१२.२० प्रश्नोत्तरं. पहिले तीन प्रश्न विद्यार्थ्यांचे, प्राध्यापकांनी तोवर थांबावं. लेडी मॅकबेथचं काम तेव्हा मुलगे करत, हे निघालं की बालगंधर्वांचं नाव येणारच. येऊ द्या, पण फरकही सांगा: लंडनचे ते मुलगे उमेदवारी करणारे किशोर होते, वाढत्या वयात त्या भूमिका सोडत. बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका प्रौढपणीही केल्या.

१२.४५ विद्यार्थी मोकळे. जेवणानंतरच्या सत्राला त्यांना कोंडून ठेवू नका.

सावधान: अहवालासाठी जिओटॅग केलेले फोटो लागतात हे मान्य, पण फोटो काढणारा टेप ओलांडून भुताच्या आणि मॅकबेथच्या मध्ये उभा राहणार नाही याची जबाबदारी एका माणसाच्या नावाने द्या. फोटो दुसऱ्या प्रयोगाचेच काढा.

८. शिक्षकांचं सत्र

दुपारी तासभर, फक्त शिक्षकांसाठी. इथे पुन्हा व्याख्यान ठेवणं ही नेहमीची चूक. शिक्षकांना उद्याच्या तासाला नेता येईल असं काहीतरी हवं असतं आणि त्यांच्या वर्गात साठ-सत्तर मुलं, न हलणारी बाकं आणि ४८ मिनिटं असतात. सराव त्याच अडचणीत करून घ्या.

शिक्षकांनाच बाकांवर बसवा. एका रांगेला मॅकबेथची पट्टी, दुसरीला लेडी मॅकबेथची, बाकीच्यांना पाहुण्यांची. जागेवरून न उठता वीस ओळी वाचायच्या. मग नियम घाला: पाहुण्यांनी राजाकडे बघायचं नाही. पुन्हा तेच वाचन. मग उलट: सगळ्यांनी फक्त राजाकडेच बघायचं. एवढं पंधरा मिनिटांत होतं. उरलेला वेळ प्रत्येकाने आपल्या अभ्यासक्रमातल्या दुसऱ्या नाटकातला एक प्रवेश निवडून, त्याचा प्रश्न एका वाक्यात लिहून, शेजाऱ्याला वाचायला द्यायचा. शेजाऱ्याला तो दोन प्रकारे करून दाखवता येईल असं वाटलं नाही, तर प्रश्न बदलायचा.

तपासा: सत्राला आलेला प्रत्येक शिक्षक हातात पट्ट्यांचा एक संच घेऊन जातो आहे का? उपस्थिती प्रमाणपत्रं त्याच्यासोबत द्या, म्हणजे संच घेतल्याशिवाय कुणी निसटत नाही.

९. नंतरचे दोन दिवस

चिठ्ठ्या टाकून देऊ नका. पहिल्या आणि दुसऱ्या प्रयोगाची उत्तरं शेजारी शेजारी उतरवून पुढच्या तासाला वर्गात वाचा आणि परीक्षेच्या सरावाचा प्रश्न त्यांतूनच काढा. कापलेली संहिता, हालचालींच्या खुणांसह, विभागाच्या कपाटात आणि ड्राइव्हवर ठेवा. भूत कुठल्या ओळीवर बाहेर गेलं ते तिच्यात लाल पेनाने लिहा, कारण पुढच्या वर्षीची तुकडी पहिल्याच तालमीत तेच विचारेल.